खांद्यावरचा हात

दारात कुणीतरी उभं आहे, हे मला पोथीवरची नजर न हलवता कळलं. उंबऱ्यातून माझ्या पाटापर्यंत येणारं ऊन मध्येच अडलं होतं.

अध्याय संपत आला होता. वाचायला बसले की संपेपर्यंत बोलायचं नाही, हा माझा लग्नानंतरचा पहिला नेम. त्यामुळे त्या वेळात घरात काय चाललंय ते मी नुसतं ऐकते.

"नांदूरकर काका इथंच राहतात का? धरणाच्या वसाहतीत होते ते?" बाईचा आवाज. तरुण, पण दमलेला.

"मीच तो. ये, आत ये. कोण गं तू?" हे म्हणाले. यांचं तसंच असायचं. आधी आत, मग ओळख.

"मी मंदा. यमुना गाडेकरांची मुलगी."

यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, तांब्याभांडं वाजलं नाही. मी उरलेल्या अकरा ओव्या वाचल्या. एकही गाळली नाही. मग पानात खूण घातली, पोथी लाल कापडात बांधली, नमस्कार केला आणि उठले. निरांजन तेवत होतं. ते आपसूक शांत होईपर्यंत खोटं बोलायचं नाही, हा दुसरा नेम. हा पाळायला सोपा. घटका-अर्ध्या घटकेचा प्रश्न असतो, आणि तेवढ्यात खोटं बोलायची वेळ सहसा येत नाही.

याला आता सोळा वर्षं झाली. मार्गशीर्षातला गुरुवार होता. आम्ही निवृत्तीनंतर कोपरगावला तीन खोल्यांचं घर बांधून राहिलो होतो. वैजू, आमची एकुलती एक, लग्न होऊन नाशिकला गेली होती.

बाहेर आले तर पंख्याखालच्या खुर्चीत तिशीची एक बाई बसलेली. मोठी टिकली, रेक्झिनची पर्स मांडीवर घट्ट धरलेली, पावलांवर रस्त्याची धूळ. मी तिच्या तोंडवळ्यात यमूताईंना शोधलं. सापडल्या नाहीत. नाक वेगळं, रंग वेगळा, उंचीही बेताची.

"बापाच्या वळणावर गेलेय मी," ती म्हणाली. माझी नजर तिला कळली होती. "सगळे तेच म्हणतात."

"कुठून आलीस?"

"चोपड्याहून. काल धुळ्याला नणंदेकडे थांबले, सकाळची एस.टी. धरली. आधी मागच्या महिन्यात वसाहतीत जाऊन आले. तिथं आता काही नाही हो, बाभळी माजल्यात. एक म्हातारे वॉचमन भेटले. ते म्हणाले, नांदूरकर ड्राफ्ट्समन कोपरगावला असतात, पोस्टामागं विचारा."

"पांडुरंग असेल," हे म्हणाले. "अजून आहे का तो?"

"दात नाहीत त्यांना."

"तेव्हाही नव्हते."

ती हसली नाही. मी राजगिऱ्याचा लाडू आणि पाणी पुढं ठेवलं. तिनं पाणी घेतलं. लाडू तसाच राहिला.

"काकू, मी काही मागायला आलेय," ती म्हणाली. "माझ्या आईचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडं? मी तिला पाहिलेलं नाही. म्हणजे पाहिलं असेल, पण दीड वर्षाची होते. आमच्याकडं तिचं काहीच ठेवलं नव्हतं. लग्नाचे फोटो होते, ते आजीनं चुलीत घातले. ती मला टाकून पळून गेली, असंच सांगितलं होतं मला. दादा, म्हणजे वडील, दिवाळीत वारले. तेराव्याला आत्यानं खरं काय ते सांगितलं."

हे माझ्याकडं बघत होते. मी फरशीकडं.

"तिचा असा फोटो नाही गं आमच्याकडं," मी म्हटलं.

माझ्या खुर्चीतून देव्हारा दिसतो. निरांजन तेवत होतं.

*

यमूताई वसाहतीतल्या दवाखान्यात सिस्टर होत्या. आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत एकच. इकडं मी फोडणी दिली की तिकडून त्यांची शिंक यायची. नवऱ्यानं टाकलेली बाई, असं लोक म्हणत. खरं असं, की त्यांनी नोकरी सोडायला नकार दिला, तेव्हा सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि त्यांना एका ट्रंकेनिशी बाहेर काढलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. आमची वैजू त्यांच्या मुलीपेक्षा वर्षभरानं लहान. तिला ताप आला, दात आला, कानात खडा गेला, की मी भिंतीवर थाप मारायची. पदर खोचतच त्या यायच्या.

हे पाटबंधाऱ्यात आरेखक. दिवसभर कालव्यांच्या रेघा ओढायचे आणि घरी आले की गळ्यात कॅमेरा अडकवायचे. आणि फोटो कसले काढायचे? वैजू कोपऱ्यात बसून चोरून गूळ खातेय. मी सुपात तांदूळ निवडतेय. दोरीवर वाळणारी दुपटी. एकदा तर नुसत्या उकळत्या चहाचा काढला.

"असले फोटो कुणी काढतं का?" मी म्हणायची. "सणावाराला काढावा, नीट नेसून-सवरून."

"जे रोज दिसतं ते कुणी बघत नाही, म्हणून काढतो," हे म्हणायचे.

यमूताईंना मात्र यांनी कधी असं पकडलं नाही, कारण त्या पकडू द्यायच्या नाहीत. कॅमेरा दिसला की तोंडापुढं हात. "असं कामाच्या अवतारात नका हो भाऊ. मी नीट उभी राहीन, तेव्हा काढा." आम्हाला वाटायचं, नखरा आहे. आणि हे कुणाच्या मर्जीविरुद्ध कळ दाबणारे नव्हते.

त्या नीट उभ्या राहायच्या वर्षातून एकदा, वैजूच्या वाढदिवसाला. त्याचं कारण मी.

यांच्या कॅमेऱ्याला एक कळ होती. ती ओढली की तो आठ-दहा सेकंद घुंई करत राहायचा आणि मग आपला आपण फोटो काढायचा. तेवढ्यात हे धावत येऊन आमच्यात उभे राहायचे. पण आम्ही तिघं, आणि तिघांचा फोटो काढू नये असं आमच्याकडं मानतात. मधलं माणूस जातं म्हणतात. आमच्या घरात मध्ये नेहमी वैजू.

पहिल्याच वेळी, वैजूच्या दुसऱ्या वाढदिवसाला, यांनी स्टुलावर पाट, पाटावर कॅमेरा असं सगळं मांडलं आणि मी वैजूला उचलून बाजूला झाले.

"तिघांचा नको."

"अगं, घरात माणसं तीन आहेत, तर तिघांचाच निघणार."

"मग काढूच नका."

"बरं, बाळकृष्ण घे हातात. झाले चार."

"देवाची अशी मोजदाद करतात का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडं भांडं वाजलं. मी थाप मारली. "यमूताई, जरा येता का? फोटोत उभं राहायचंय."

त्या आल्या त्या पाच मिनिटांनी. वेणी पुन्हा घातली होती आणि ठेवणीतली मोरपंखी साडी नेसल्या होत्या. माझ्या साध्या हाकेला एवढं नटून यायचं काय कारण, असं मला वाटलं होतं. त्या कडेला उभ्या राहिल्या, एक हात वैजूच्या खांद्यावर ठेवला आणि कॅमेऱ्याच्या भिंगाकडं एकटक बघत राहिल्या.

"डोळे मिटू नका हं," हे धावत येता येता म्हणाले.

"नाही मिटायची, भाऊ," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

फोटो धुऊन आला तेव्हा सासूबाई आमच्याकडं आल्या होत्या. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला. "ही शेजारची ना? टाकलेली? सवाष्णीच्या घरात, लेकराच्या खांद्यावर हात ठेवून उभी? नि हा तू अल्बमात लावणार?"

दुपारी मी शिवणाची कात्री घेतली आणि कडेनं कापलं. सरळ रेघेत कापलं, पण हात वैजूच्या खांद्यावर होता. तो कापायचा तर वैजूचा खांदा जाणार. म्हणून मनगटापाशी सोडून दिलं. उरलेल्या फोटोत आम्ही तिघं, आणि वैजूच्या खांद्यावर चार बोटं.

यांनी अल्बम उघडला, पाहिला, मिटला. "काढताना चार, लावताना तीन," एवढंच म्हणाले. "आणि देवाला म्हणे यातलं काही कळत नाही."

दरवर्षी तसंच झालं. दरवर्षी थाप, मोरपंखी साडी, घुंई. दरवर्षी कात्री. वैजूच्या दुसऱ्या वाढदिवसापासून आठव्यापर्यंत. मग यमूताईंची बदली पार गडचिरोलीकडं झाली, आणि दोन वर्षांनी त्या तिकडंच काविळीनं गेल्याचं पत्र दवाखान्यात आलं.

*

"निगेटिव्ह होत्या," हे मंदाला सांगत होते. "सगळ्या जपून एका डब्यात ठेवल्या होत्या मी. सामान हलवताना ट्रकवर पाऊस लागला, डब्यात पाणी गेलं. उघडून बघतो तर एकावर एक चिकटून वडी झालेली. एकही सुटी होईना."

म्हणजे निगेटिव्ह होत्या, तर फोटो होते. मंदाला ते कळलं. तिनं यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पर्सची चेन उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं कार्ड काढलं. आपलं पंधरा पैशांचं, पिवळं पडलेलं.

"आत्याला लिहिलेलं आहे. आत्यानं इतकी वर्षं तांदळाच्या कोठीत ठेवलं होतं. वाचू?"

हे म्हणाले, "वाच."

ती वाचायला लागली. अक्षर लावून लावून वाचत होती, तरी पाठ असल्यासारखं.

"वन्संस यमुनेचा साष्टांग नमस्कार. मंदाचा गोवर उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. माझा फोटो तिच्यासाठी मागितलात. पण तो त्या घरात कुणी राहू देणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून पाठवत नाही. इथं शेजारी नांदूरकर म्हणून आहेत. त्यांच्या वैजूच्या वाढदिवसाला वहिनी दरवर्षी मला आपणहून बोलावतात आणि फोटोत उभं करतात. मीही नीट उभी राहते. भली माणसं आहेत, फोटो जपून अल्बमात लावतात. म्हणजे दर वर्षाची मी तिथं आहे. पुढं कधी मंदानं विचारलं, आई कशी दिसायची, तर तिला त्यांच्याकडं पाठवा."

कार्ड तिनं परत पिशवीत घातलं. पिशवीची घडी केली.

"म्हणून आले," ती म्हणाली. "नसेल तर नसेल. इतक्या वर्षांत कुठं गहाळही होतं."

ती मला वाट काढून देत होती. मी तेवढंच म्हणायचं होतं. हो बाई, गहाळ झाले. हे काही मला उघडं पाडणारे नव्हते. सत्तावीस वर्षं पाडलं नव्हतं.

मी देव्हाऱ्याकडं पाहिलं. वात काळी पडली होती, पण टोकाला ज्योत होती. वाऱ्यानं हलत होती, जात नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "अल्बम आणा."

यांनी आणला. काळ्या कागदांचा, मध्ये पातळ फुलाफुलांचा कागद असलेला. मी मंदाच्या शेजारी बसून पहिला वाढदिवसाचा फोटो उघडला. हे, मी, वैजू. उजवी कड इतरांपेक्षा दोन बोटं आखूड.

"यात कुठं आहे?" तिनं विचारलं.

मी खांद्यावर बोट ठेवलं.

ती वाकली. चार बोटं. मधल्या बोटाचं नख अगदी बारीक कापलेलं. सिस्टर लोकांना नखं वाढवून चालत नाही. तिनं पान उलटलं. दुसऱ्या फोटोत मनगटाचा थोडा भाग होता आणि घड्याळाचा पट्टा. तिसऱ्यात नुसती बोटांची पेरं. चौथ्यात हातात केकची सुरी होती, वैजूच्या हातावर हात. माझ्या नातीनं एकदा विचारलं होतं, आजी, आईच्या खांद्यावर हा कुणाचा हात? मी सांगितलं होतं, बाप्पाचा.

सातही फोटो पाहून झाल्यावर मंदा पुन्हा पहिल्यावर आली. मग तिनं आपला उजवा हात पर्सवरून उचलला आणि फोटोशेजारी ठेवला. पालथा.

करंगळी टोकाला आत वळलेली. फोटोतली तशीच. यमूताईंच्या करंगळीला वैजू वाकडोबा म्हणायची.

"बोटं तिची आहेत," मंदा म्हणाली. "मला वाटायचं, ही कुणाची आली? आमच्या घरात कुणाची अशी नाहीत." आणि तो हात तिनं तसाच ठेवला, उचललाच नाही.

मी उठले. देवघरात गेले, पोथी खाली घेतली, लाल कापड सोडलं. एकदा बांधलेली पोथी मी दुसऱ्या दिवसापर्यंत सोडत नाही. त्या दिवशी सोडली. पानं उलटत गेले आणि अध्यायाअध्यायातून खुणा काढल्या. सकाळी घातलेली होती, तिच्यासकट सात. बाहेर येऊन मंदाच्या मांडीवर ठेवल्या.

लांबट, दोन बोटं रुंदीच्या सात पट्ट्या. प्रत्येकीत डोक्यापासून पावलांपर्यंत एक बाई, मोरपंखी साडीतली. डावीकडं हात नाही. सातही ठिकाणी तिची नजर सरळ समोर. बाकी आम्ही कुणी वैजूकडं बघतोय, कुणी केकवरच्या मेणबत्तीकडं, यांचं तर धावत आल्यामुळं तोंडच उघडं. ती मात्र समोर बघतेय. आता मांडीवरून मंदाकडं बघत होती.

मंदानं एकीलाही हात लावला नाही.

"मला वाटलं, निर्माल्याबरोबर कालव्यात गेले," हे हळूच म्हणाले.

"माणसाचा चेहरा कसा सोडायचा पाण्यात?" मी म्हटलं. "केरात टाकवेना, जाळवेना. पोथीत ठेवले. मग खुणा म्हणून राहिले."

"रोज वाचता तुम्ही पोथी?" मंदानं विचारलं.

"रोज."

"म्हणजे रोज बघता हिला."

खुणेकडं कुणी बघत नाही. पान सापडलं की झालं. हे तिला सांगणं बरं दिसलं नसतं.

"कापलं कुणी?"

"मी."

"का?"

"सासूबाई म्हणाल्या होत्या." तेवढ्यावर थांबता आलं असतं. ज्योत अजून होती की नाही, मी पाहिलं नाही. "पण त्या तिसऱ्या वाढदिवसाच्या आधीच वारल्या. त्यांच्या सांगण्यावरून कापला तो एकच. पुढचे सहा मी आपणहून कापले. त्यांना बोलवायचं वैजूला काही होऊ नये म्हणून. आणि फोटो आला की वाटायचं, आता झालं ना काम. आता आपले आपण दिसू दे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हे खुर्चीत पुढं सरकून बसले होते, पण मध्ये पडले नाहीत.

"तिला माहीत होतं?"

"नाही. एकदा अल्बम बघायला मागितला होता त्यांनी. मी सांगितलं, माहेरी दाखवायला नेलाय."

मंदानं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात काही नव्हतं. तिनं पहिली पट्टी उचलली आणि अल्बममधल्या पहिल्या फोटोच्या आखूड कडेला लावली. जुळली. केसाइतकीही फट नाही. मनगटाला मनगट लागलं. मग दुसरी दुसऱ्याला. तिसरी जुळेना, ती पाचव्याची निघाली. असं करत तिनं सातही लावून पाहिल्या आणि पुन्हा काढून एकत्र केल्या. हे सगळं ती इतक्या शांतपणे करत होती, की मला तिच्या आईची आठवण झाली. कानातला खडा काढताना त्या असंच करायच्या.

"या पट्ट्या नेते," ती म्हणाली.

"ने. तुझ्याच आहेत."

"हात राहतील इथं."

मी शिवणाच्या मशीनकडं वळले. कात्री खणात असते. म्हटलं, वैजूच्या खांद्याचा तुकडा गेला तर जाऊ दे.

"काकू," मंदा मोठ्यानं म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आता काही कापू नका."

मी तिथंच उभी राहिले. मग अल्बमजवळ आले आणि फोटोंचे कोपरे अडकवलेल्या टिकल्यांमधून एकेक सोडवायला लागले. कागद जुना होता, काही टिकल्या फाटल्या. वैजूचे दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सातही वाढदिवस मी काढले, ज्याची त्याची पट्टी ज्याच्या त्याच्या मागं लावली आणि तिच्या हातात दिले. काळ्या पानांवर सात चौकोन राहिले, आजूबाजूपेक्षा जास्त काळे.

"पण हे तुमच्या मुलीचे आहेत," मंदा म्हणाली.

"तिला मी सांगेन."

रात्री वैजूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, यमूमावशीला कॅमेऱ्याकडं बघताना पाणी यायचं डोळ्यांत. मी विचारलं होतं, तर म्हणाली, पापणी लवायची नाही ना, म्हणून येतं." हे मला कधी सांगितलं नव्हतंस, मी म्हटलं. ती म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

पण ते नंतरचं.

मंदानं शेवटी लाडू खाल्ला. अर्धा खाल्ला, अर्धा मुलांसाठी म्हणून रुमालात बांधला, तेव्हा मी आणखी चार दिले. दोनची गाडी होती. ती चपला घालत असताना हे म्हणाले, "थांब जरा पोरी. रोलमध्ये एक शिल्लक आहे."

आणि लगेच यांची धांदल सुरू झाली. स्टूल आलं, स्टुलावर पाट, पाटावर कॅमेरा. तोच जुना. तोवर वैजूनं यांना नवा आणून दिला होता, पण तो पेटीतच असायचा. अंगणात तुळशीपाशी ऊन चांगलं होतं. यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मंदाला म्हणाले, "तू मध्ये. हिच्या शेजारी." आणि कळ ओढायला वाकले.

"थांबा," मी म्हटलं.

यांचा हात थांबला. "काय झालं?"

"तीन होतायत."

मंदाला कळेना. हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सत्तावीस वर्षांत यांच्या तोंडावर मी न पाहिलेला राग होता, किंवा थट्टा होती. यांचं दोन्ही सारखंच दिसतं. "मग आता? भिंतीवर थाप मारतेस? शेजारच्या सूनबाई कपडे वाळत घालतायत. बोलावू त्यांना? नंतर कापता येतील."

मी मंदाकडं वळले. मध्ये तीच उभी होती. "पर्समधून आईला काढ," मी म्हटलं.

ती क्षणभर बघत राहिली. मग तिनं पर्स उघडली, पट्ट्या चाळल्या आणि त्यातली एक घेतली. सहाव्या वाढदिवसाची, जिच्यात यमूताईंचा चेहरा सगळ्यात स्वच्छ आलाय. ती तिनं छातीशी धरली, तोंड कॅमेऱ्याकडं करून.

गेलेलं माणूस मोजायचं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. मी मोजलं.

"आता चार आहेत," मी म्हटलं. "ओढा कळ."

कॅमेरा घुंई करायला लागला. हे धावत आले. सत्तरीला टेकलेला माणूस, चपला वाजवत, धोतराचा सोगा सावरत. "डोळे मिटू नका हं," असं म्हणाले, कुणाला ते ठाऊक नाही.

दोन प्रती काढल्या. एक चोपड्याला पाठवली. हे गेले त्याला आता पाच वर्षं झाली. आमच्या दोघांचा तोच शेवटचा एकत्र फोटो निघाला.

दुसरी प्रत माझ्या पोथीत आहे. आता खूण म्हणून ती एकच. फोटो पोथीच्या पानाहून मोठा आहे. लाल कापडात बांधताना कडा बाहेर येतात, दुमडतात, उजवीकडचा कोपरा तर पार झिजलाय. वैजू मागच्या वेळी आली तेव्हा म्हणाली, "आई, थोडा कापून घे ना कडेनं, नीट बसेल."

मी म्हटलं, "असू दे."